थेंबांच्या आधी, थेंबांच्या नंतर: चार वर्षांच्या एका मुलीच्या नंबरचं प्रकरण

मुलगी चार वर्षं पूर्ण झालेली, तक्रार काहीही नाही. खरंच काही नाही, डोळे चोळत नाही, टीव्हीला चिकटून बसत नाही, तिरळेपणा नाही, मान वाकडी करून बघत नाही, चित्रांच्या पुस्तकातली बारीक मुंगीसुद्धा बोट ठेवून दाखवते. बालवाडीत सगळ्याच मुलांचे डोळे तपासले, ते मीटरभर लांबून फोटो काढल्यासारखं मशीन असतं ना, फोटोस्क्रीनर, त्याने, आणि हिच्या कागदावर ‘पुढील तपासणी आवश्यक’ असं आलं. तिथून आईवडिलांची वणवण सुरू झाली. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा फाइलमध्ये तीन कागद होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

फोटोस्क्रीनरच्या कागदावर उजवा +०.५०, डावा +३.००. दुसरा कागद ऑटोरिफ्रॅक्टरचा, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनचा, बाहुली मोठी करून फोकस बंद करणारे थेंब न घालता काढलेला, त्यात उजवा -०.७५, डावा +१.७५ आणि त्याला -०.७५ चा सिलिंडर (एका दिशेत वेगळा पडणारा नंबर). तिसऱ्या कागदावर नंबरच नाही, ‘मूल लहान आहे, सहकार्य करत नाही, सहा वर्षांची झाल्यावर दाखवणे’ एवढंच. वडिलांनी बसल्याबसल्या विचारलं, "मॅडम, हिला मायनस आहे, प्लस आहे का काहीच नाही?" आजी सोबत होत्या, त्यांचं म्हणणं निराळंच, एवढीशी पोर, तिला कसला आलाय नंबर.

निदान म्हणून ह्यात दुर्मिळ असं काही नाही, लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या कुणालाही अशी मुलं भेटतातच. पण नंबर काढताना कुठे कुठे पाय घसरू शकतो ते ह्या एकाच मुलीत जवळजवळ सगळं बघायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नजर

थेंब घालायच्या आधी जे जे बघायचं ते सगळं बघून घ्यावं लागतं, कारण एकदा बाहुली मोठी झाली की नजर, डोळ्यांची जोडी, खोली (काय पुढे, काय मागे) समजणं, यातलं काही धड मोजता येत नाही. आणि मूल फ्रेश असतानाच नजर घ्यायची, रडून झाल्यावर नाही.

अक्षरं येत नाहीत म्हणून लेआ सिम्बॉल्सचा चार्ट लावला, सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशा चारच आकृत्या. फिनलंडच्या डोळ्यांच्या डॉक्टर लेआ ह्युव्हेरिनेन यांनी १९७६ मध्ये बनवलेला हा चार्ट, आणि त्यातली हुशारी अशी की धूसर व्हायला लागल्या की चारही आकृत्या साधारण एकसारख्याच गोल दिसतात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता कमी होते. मांडीवर जुळवायचं कार्ड ठेवलं की नाव सांगायचीही गरज नाही, तिकडे जे दिसतं त्यावर इकडे बोट ठेवायचं. ही मुलगी गोलाला ‘बॉल’ आणि चौकोनाला ‘खिडकी’ म्हणत होती, म्हणू दे, आपल्याला ते कळलं की झालं.

दोन्ही डोळे उघडे, ६/९, म्हणजे चांगल्या नजरेला जे नऊ मीटरवरून दिसतं ते हिला सहा मीटरवरून; खालचा आकडा मोठा तेवढी नजर कमी. डावा झाकला, उजव्याने ६/९, बडबड चालूच. मग उजवा झाकला. हाताने नाही, चिकटपट्टीचा पॅच लावून, कारण हाताच्या बोटांतून मुलं हमखास बघतात आणि आईचा हात असेल तर तो नकळत सैल पडतोच. पॅच लागला आणि बडबड थांबली. आधी पॅचकडे हात गेला, मग मान वळली, मग "मला हा गेम नाही खेळायचा". सगळ्यात मोठी आकृती दाखवली तर ओळखली, दोन ओळी खाली गेलो तर नुसतंच माझ्या तोंडाकडे बघत बसली. डाव्याची नजर रांगेतल्या आकृत्यांवर ६/३६ आली, तीच आकृती एकटी दाखवली तर ६/२४. हा फरक महत्त्वाचा आहे, आळशी डोळ्याला, म्हणजे मेंदूने ज्याचं ऐकणं सोडलंय अशा डोळ्याला, गर्दीत ओळखणं जास्त जड जातं, म्हणून सुटं एकेक अक्षर दाखवून घेतलेली नजर खोटी बरी दिसते. चार वर्षांच्या मुलाची प्रत्येक डोळ्याची नजर साधारण ६/१२ तरी यायला हवी आणि दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडला तर ते सोडून द्यायचं नाही, इथे तर त्याहून खूपच जास्त होता.

एक डोळा झाकल्यावर मूल चिडतं आणि दुसरा झाकल्यावर चिडत नाही, ही गोष्ट घरातसुद्धा लक्षात येऊ शकते. आई म्हणाली, हो, लपाछपीत एक डोळा झाकला की ती हात ढकलायची, आम्हाला वाटलं मस्ती करतेय. आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारताना कोणता डोळा झाकलेला होता ते लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अर्ध्या वेळा तो शेरा म्हणजेच निदान असतं.

टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मध्यावर, कव्हर टेस्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघताना, लांबचं-जवळचं दोन्हीत डोळा हलला नाही. म्हणजे डोळे सरळ. खोलीच्या टेस्टमध्ये चित्रातल्या मोठ्या माशीचे पंख वर आलेले दिसले, चिमटीत धरायला गेली, पण बारीक गोल सुचेनात. डोळे सरळ असल्यामुळेच इतके दिवस कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. तिरळा डोळा असता तर आजीच पहिल्यांदा म्हणाल्या असत्या.

कोरडी रेटिनोस्कोपी

आता नंबर. रेटिनोस्कोपी म्हणजे बाहुलीत प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि आतून परत येणारा लालसर उजेड पट्टीच्या बरोबर सरकतो का उलटा ते बघायचं. बरोबर सरकला की प्लसची भिंगं चढवत जायची, उलटा सरकला की मायनसची, आणि ज्या भिंगाने हालचाल संपून सगळी बाहुली एकदम उजळते आणि विझते तिथे न्यूट्रल. मुलाला एक शब्द बोलावा लागत नाही, म्हणून तर ही पद्धत मुलांसाठी. फ्रान्समधल्या क्युइग्ने नावाच्या लष्करी डॉक्टरने १८७३ मध्ये हे तंत्र मांडलं, नंतर पट्टीवाला रेटिनोस्कोप आला, आणि आज एवढी मशीन आली तरी लहान मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द ह्याच हातातल्या दांडीचा असतो.

थेंब न घालता आधी एकदा करून बघितली. समोर सहा मीटरवर कार्टून लावलं, खोली अंधारी, मी थोडी बाजूला सरकून, तिच्या आणि स्क्रीनच्या मध्ये न येता. उजवा साधारण +०.७५, डावा +३.५० आणि थोडा सिलिंडर. ‘साधारण’ म्हणतेय कारण आकडा जागेवर राहत नव्हता. ती कार्टूनकडे बघत असताना डाव्या बाहुलीतला उजेड पट्टीबरोबर सरकत होता, तेवढ्यात माझ्या अॅप्रनवरचं स्टिकर दिसलं, नजर जवळ आली आणि त्याच भिंगातून तोच उजेड उलटा पळायला लागला, बाहुलीपण बारीक झाली. पुन्हा कार्टूनमध्ये हत्ती आला, पुन्हा बरोबर. दोन सेकंदांत दोन डायऑप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजायचं माप) झोका.

हा झोका म्हणजेच ह्या सगळ्या गोंधळाचं मूळ. डोळ्यातलं भिंग फुगवून जवळचं स्पष्ट बघायची जी ताकद असते, अकॉमोडेशन, ती ह्या वयात दहा-बारा डायऑप्टरच्याही वर असते. ज्याचा डोळा आखूड आहे, म्हणजे प्लस नंबर आहे, ते मूल हीच ताकद वापरून लांबचंही स्पष्ट करून घेतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. ऑटोरिफ्रॅक्टरमध्ये हनुवटी टेकवून आत डोकावलं की आतलं चित्र लांबचं आहे असं मशीनला वाटतं, पण मुलाला माहीत असतं की डबा नाकासमोर आहे, मग ते जवळच फोकस करतं आणि प्लस गायब होऊन मायनस छापून येतो. वजनकाट्यावर उड्या मारणाऱ्या मुलाचं वजन घेण्यातला प्रकार आहे हा, काटा बिघडलेला नसतो. तिच्या त्या प्रिंटआउटवर उजव्या डोळ्याची सुटी रीडिंग छापलेली होती, एक -०.२५, एक -१.५०, एक शून्य. एकाच डोळ्यात काही सेकंदांत दीड डायऑप्टरचा फरक दिसला की खालचा जाड अक्षरातला आकडा वाचायचाच नाही, सरळ थेंबांची तयारी करायची. त्या -०.७५ चा चष्मा कुणी करून दिला नाही हे नशीब, कारण उजव्याला होता प्लस, आणि मायनस घातला असता तर पोरीला अजून जोर लावून बघावं लागलं असतं.

पण एक गोष्ट मला ते कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसली आणि ती पालकांनाही दाखवली. फोटोस्क्रीनरमध्ये दोन डोळ्यांत अडीचचा फरक. ऑटोरिफ्रॅक्टरमध्ये चिन्हंसुद्धा बदलली तरी फरक अडीचच. माझ्या कोरड्या रेटिनोस्कोपीत पावणेतीन. नंबर नाचतोय, फरक मात्र जवळपास जागेवर. ह्याचं कारण असं की भिंग फुगवायचा हुकूम मेंदू दोन्ही डोळ्यांना सारखाच देतो, डाव्याला वेगळा आणि उजव्याला वेगळा देता येत नाही. त्यात फोटोस्क्रीनर तर दोन्ही डोळे एकाच क्षणी टिपतो, त्यामुळे जोर कितीही लागलेला असो, तो वजाबाकीत उडून जातो. म्हणून त्या मशीनचे प्लस आकडे कमी येतात हे माहीत असूनही त्याने दाखवलेला फरक मी कधी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या कागदावरची सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती आणि नंतर सगळे नंबरवरच चर्चा करत बसले.

थेंब

थेंबांचं नाव काढलं की पालकांचे चेहरे पडतात. चार गोष्टी आधीच विचारल्या, फिट्स आल्यात का, हृदयाचं काही आहे का, आज ताप आहे का, आधी कुठल्या थेंबांनी अंगावर काही उठलं का. आमच्या डॉक्टरांनी सायक्लोपेंटोलेट १ टक्का लिहून दिलं, वर्षाच्या आतल्या बाळांना अर्धा टक्का वापरतात. अॅट्रोपिन का नाही, असं वडिलांनी विचारलं, कुठेतरी वाचलं होतं त्यांनी. अॅट्रोपिन जास्त घट्ट पकडतं पण ते घरी तीन दिवस घालायचं आणि बाहुली पुढे आठवडा-दोन आठवडे मोठी राहते, शिवाय चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, ताप चढणं हे त्याच्यात जास्त. डोळा आतल्या बाजूला तिरळा असेल किंवा सायक्लोपेंटोलेटनेही आकडा स्थिर होत नसेल तेव्हा मी अॅट्रोपिनच्या बाजूने असते. इथे डोळे सरळ, गरज नव्हती. नुसतं ट्रॉपिकामाइड मात्र अशा मुलीत मला पुरेसं वाटत नाही, बाहुली झकास मोठी होते आणि आपली फसगत होते, कारण बाहुली मोठी होणं आणि फोकस करणारा स्नायू झोपणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घालण्याची पद्धत सांगते कारण निम्मं काम तिथे बिघडतं. मूल उताणं आईच्या मांडीवर, डोळे मिटलेले असले तरी चालतं, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग डोळे उघडायला सांगायचं, तो आपोआप आत जातो. आधी बधिर करणारा थेंब घातला तर पुढचा झोंबत नाही आणि आत मुरतोही जास्त. नंतर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा म्हणजे औषध नाकातून पोटात कमी जातं. ही रडली, अर्थात रडली, आणि रडताना थेंब वाहून जातो म्हणून दुसरा थेंब दहा मिनिटांनी घातलाच. गडद रंगाच्या बुबुळात औषध रंगद्रव्याला चिकटून बसतं आणि परिणाम उशिरा येतो, त्यामुळे हिच्यासारख्या काळ्याभोर डोळ्यांना अर्धा तास म्हणजे कमीच धरायचा. पालकांना सांगून ठेवलं की पोरगी जरा पेंगेल, कधीकधी मुलं असंबद्ध बडबडतात किंवा चिडचिड करतात, उजेड डोळ्यावर येईल, आणि हे उद्यापर्यंत ओसरेल. गाल फार लाल झाले, ताप आला किंवा मूल विचित्र वागायला लागलं तर मात्र लगेच सांगा, वाट बघू नका.

अर्ध्या तासाने बघितलं तर बाहुल्या मोठ्या. असिस्टंट म्हणाली, घेऊ का आत. मी रेटिनोस्कोप लावून तिला आधी दूरच्या दिव्याकडे आणि मग माझ्या बोटावरच्या स्टिकरकडे बघायला लावलं. उजेड अजून थोडा बदलत होता. म्हणजे स्नायू अर्धवट जागा. बाहेर बसवलं, अजून पंधरा-वीस मिनिटं. परत बघितलं, स्टिकर जवळ आणलं, लांब नेलं, उजेड ढिम्म. आता खरं काम.

थेंबांनंतरची रेटिनोस्कोपी

थेंब लागले की एक सोय होते, मुलाने लांबच बघायला हवं ही अट जाते. फोकसच बंद आहे म्हटल्यावर ते सरळ माझ्या दिव्याकडे बघू शकतं आणि बघायलाच हवं, कारण मूल बाजूला बघत असलं आणि आपण तिरकं मोजलं तर नसलेला सिलिंडर सापडतो. पण दुसरी अडचण तयार होते, मोठ्या झालेल्या बाहुलीच्या मधल्या भागातला उजेड एकीकडे जातो आणि कडेचा भलतीकडेच. मधल्या तीन-चार मिलिमीटरवरच डोळा ठेवायचा, कडेला काय चाललंय तिकडे बघायचंच नाही. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात.

भिंगं अडकवायची ट्रायल फ्रेम तिने पाच सेकंदांत काढून फेकली, म्हणून भिंगं हातात धरून केलं. हातात धरताना भिंग तिरकं झालं तर त्यानेच सिलिंडर तयार होतो, आणि डोळ्यापासून लांब गेलं तर आकडा चुकतो. मोठ्या प्लसमध्ये हे जास्त जाणवतं, +७.२५ चं भिंग नेहमीच्या जागेपेक्षा सेंटिमीटरभर पुढे धरलं तर ते +७.७५ च्याही थोडं वरचं काम करतं. म्हणजे आपण अर्धा डायऑप्टर कमी लिहिणार. म्हणून बोट तिच्या कपाळावर टेकवून भिंग कायम त्याच अंतरावर.

अंतराचं दुसरं गणित माझ्या हाताचं. मी ५० सेंटिमीटरवरून करते, म्हणून जे भिंग न्यूट्रल देतं त्यातून २.०० वजा. एक मीटरवरून केलं तर १.०० वजा, ६७ सेंटिमीटरवरून १.५०. मूल चुळबूळ करायला लागलं की आपण नकळत पुढे सरकतो, ५० चे ४० सेंटिमीटर कधी झाले कळत नाही आणि वजा मात्र २.०० च करतो, खरे वजा व्हायला हवेत २.५०. माझ्या रेटिनोस्कोपला एक दोरा बांधलेला आहे बरोबर ५० सेंटिमीटरचा, बघणारे हसतात, हसू देत.

उजवा डोळा सोपा निघाला. दोन्ही दिशांना +४.०० ला न्यूट्रल, २.०० वजा, हातात +२.००. डाव्यात पहिल्यांदा पट्टी फिरवली तर उजेड मंद, हालचाल इतकी आळसावलेली की घाईत बघणाऱ्याला वाटेल काही हलतच नाहीये, न्यूट्रल आहे. मोठ्या नंबरात हे असंच असतं, त्यामुळे मंद उजेड दिसला की आधी सरळ पाच-सहाचं प्लस लावून बघायचं. लावलं आणि उजेड जागा झाला, चक्क पळायला लागला. पट्टी उभी धरून आडवी फिरवली, +७.२५ ला न्यूट्रल. पट्टी आडवी धरून वरखाली फिरवली, +६.५० लाच. दोन्हीतून २.०० वजा केले की आडव्या दिशेत +५.२५, उभ्या दिशेत +४.५०, म्हणजे लिहिताना +५.२५ ला -०.७५ सिलिंडर, अॅक्सिस (सिलिंडरची दिशा) १८०. त्याच बाहुलीतून आत डॉक्टरांनी पडदा आणि नस बघून घेतली, दोन्ही व्यवस्थित. नंबर सापडला म्हणून आत बघायचं टाळायचं नसतं, नजर कमी असण्याला दुसरं कारण नाही ना हे त्याशिवाय कळत नाही.

मग कागदावर चौथी ओळ लिहिली: उजवा +२.००, डावा +५.२५/-०.७५ × १८०. फरक सव्वातीन.

मग डावा डोळा मागे का पडला

वडील इंजिनिअर, त्यांना आकडे पटले पण अडलं एका जागी. उजव्यालाही प्लस आहेच की, मग तो ६/९ कसा आणि डावा ६/३६ कसा?

उजव्याला लांबचं स्पष्ट बघायला दोन डायऑप्टरचा जोर पुरतो, चार वर्षांच्या मुलीला तो चुटकीसरशी लावता येतो. मेंदू सोप्या डोळ्याला लागेल तेवढाच जोर लावतो आणि थांबतो. दोन्ही डोळ्यांना हुकूम सारखाच जात असल्यामुळे डाव्यालाही तेवढाच जोर मिळतो, आणि त्याचे उरलेले तीन डायऑप्टर तसेच धूसर राहतात. खेळणं जवळ आणलं, उजव्याने अजून जोर लावला, डावा परत तेवढाच मागे. कुठल्याही अंतरावर डाव्याला कधी स्पष्ट चित्र मिळालंच नाही, जन्मापासून. म्हणून मेंदूने त्याचं ऐकणं सोडलं. ह्याच्या उलट, एका डोळ्याला शून्य आणि दुसऱ्याला मायनस तीन असतं तर मायनसवाल्या डोळ्याला नाकाजवळचं तरी स्वच्छ दिसलं असतं, त्यामुळे एवढाच फरक मायनसमध्ये असेल तर डोळा सहसा इतका आळशी होत नाही. प्लसमधला दीडचा फरकसुद्धा मुलांमध्ये चष्मा द्यायला पुरेसा धरतात ते ह्याचसाठी.

आजींनी मधेच विचारलं, "मोठी झाली की आपोआप कमी होईल ना प्लस?" प्रश्न चांगला होता. बाळाचा डोळा जन्मताना जेमतेम १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३-२४, आणि डोळा वाढतो तसा बाळपणीचा थोडा प्लस बहुतेकांचा उतरतो. जन्मताना +२.०० च्या आसपास असणं नॉर्मलच. पण चार वर्षांची असताना एका डोळ्यात +५.०० शिल्लक आहे तो असा सहज विरघळणारा नाही, आणि समजा उतरलाच तरी तोपर्यंत मेंदूची शिकायची वर्षं निघून गेलेली असतील. ‘सहा वर्षांनंतर आणा’ ह्या सल्ल्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. सहाव्या वर्षी उपचार होतच नाहीत असं नाही, होतात, सात-आठच्या पुढेही काही मुलं सुधारतात, पण दोन वर्षं फुकट घालवायचं कारण काय?

चष्मा किती द्यायचा

जेवढा सापडला तेवढा पूर्ण दिला तर ही मुलगी चष्मा घालणार नाही, उजव्याने आत्ता ६/९ दिसतंय ते लांबचं तिला आधी धूसर वाटेल, कारण थेंब उतरल्यावर जोर लावायची सवय लगेच सुटत नाही. डोळा आत वळत असता तर पूर्णच द्यावा लागला असता, तिथे तडजोड नाही. सरळ डोळ्यांत प्लस थोडा कापता येतो, पण कापायचा तो दोन्हीकडे सारखा. इथे १.०० कापला: उजवा +१.००, डावा +४.२५/-०.७५ × १८०. सिलिंडर आणि फरक यांना हात लावला नाही. उजव्याला काहीच नको आणि डाव्याला ‘हलकासा’ दोनचा देऊ, सवय झाल्यावर वाढवू, असले चष्मे मी बघितलेत, त्यात डावा डोळा पूर्वीसारखाच धूसर राहतो आणि वर चष्म्याचं ओझं.

दोन भिंगांत एवढा फरक मोठ्या माणसाला सोसत नाही, डोकं गरगरतं. मुलं बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात रुळतात.

फ्रेमबद्दल थोडं, कारण नंबर बरोबर काढून फ्रेममध्ये घालवलेली केस म्हणजे सगळ्यात वाईट. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून भिंगाचा मध्य बाहुलीसमोरच यायला हवा, +४.२५ मध्ये पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर प्रकाश एका बाजूला वळवणारी दोन प्रिझमहून जास्त ओढ तयार होते. फ्रेम ‘दोन वर्षं पुरेल’ अशी मोठी घ्यायची नाही. लहान मुलाचं नाक बसकं, फ्रेम खाली घसरते आणि मूल मजेत वरून बघत राहतं, म्हणजे चष्मा चेहऱ्यावर असून नसल्यासारखा. भिंग पॉलिकार्बोनेटचं, कानामागे पट्टा.

पुढे

पहिले चार दिवस भांडण, पाचव्या दिवशी सकाळी उठल्यावर तिने स्वतःच मागितला असं आईने सांगितलं. पॅच लगेच सुरू केला नाही. दोन डोळ्यांतल्या फरकामुळे आलेल्या आळशी डोळ्यात नुसत्या चष्म्यानेही नजर वाढते, काही मुलांना तर पुढे काहीच लागत नाही, तेव्हा आधी त्याला संधी द्यायची. दीड महिन्याने डावा ६/२४ वर आला, तीन महिन्यांनी ६/१८, तोही रांगेतल्या आकृत्यांवर. त्यापुढच्या तपासणीला तिथेच अडकला, मग उजव्यावर रोज दोन तास पॅच. सहा तास लावा म्हणजे लवकर होईल असं वडिलांना वाटत होतं, पण अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मध्यम प्रमाणाच्या आळशी डोळ्यांना दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम सारखाच निघाला, २००३ मध्ये, आणि दोन तास घरात खरोखर पाळले जातात, सहा कागदावरच राहतात. पॅच असताना चित्र रंगवणं, मणी ओवणं असलं काहीतरी जवळचं काम द्यायचं.

सध्या डावा ६/१२, अधूनमधून ६/९ मधल्या एक-दोन आकृत्या. खोलीच्या टेस्टमधले आधी न सुचलेले काही गोलही आता सुचतात. पॅच एकदम बंद करणार नाही, हळूहळू कमी करू, कारण थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण चौघांतल्या एकाची नजर परत घसरते. वर्ष झालं की थेंब घालून पुन्हा नंबर, तेव्हा दोन्हीकडचा कापलेला एक डायऑप्टर परत द्यायचा का ते बघू. आणि धाकटा भाऊ आहे दीड वर्षाचा, त्याला आईने ह्याच वेळी बरोबर आणलं होतं, तो पुढच्या आठवड्यात थेंबांसाठी येतोय.